वरच्या फळीवरचे जोड

"डावा छत्तीस, उजवा अडतीस," नुराय शिडीवरून म्हणाली आणि हसत सुटली. "वेर्ले, हे लग्न कुणी लावलं गं?"

वेर्लेच्या हातातलं पेन थांबलं. लग्न लावणं हा या दुकानातला शब्द होता, तिच्या वडिलांनी, ओमेर स्टेयार्ट यांनी, कधीतरी गमतीत काढलेला आणि मग कायमचा रुळलेला. काचेत आणि मांडणीवर फक्त डावे बूट ठेवायचे, उजवे आत खोक्यात अंधारात पडून राहायचे, म्हणजे चोराच्या हाती लागलंच काही तर एका पायाचं लागेल. वर्ष संपलं, की सेलच्या आधीच्या निवांत रविवारी दुकानाचं दार आतून लावून सगळे डावे गोळा करायचे, ज्याचा त्याचा उजवा शोधून त्याच्या शेजारी उलटसुलट निजवायचे, वर झाकण लावायचं, आणि मगच तोंडानं म्हणायचं, एक जोड. लहानपणी वेर्लेला त्या बुटांची दया यायची. वर्षातून एक दिवस भेट, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकट्यानं काचेत उभं राहायचं. पण तिनं कधी चुकीचं लग्न लावलं नव्हतं, अगदी लहान असतानासुद्धा नाही. दोन नंबरांचा फरक तर डोळे मिटून नुसत्या हातालाही कळतो.

"दे बघू खाली," ती म्हणाली.

खोक्यात गडद हिरव्या मखमलीचे बूट होते, घोट्याशी बारीक पट्टा, मध्यम उंचीची टाच. आतल्या पातळ कागदाला सुकलेल्या डिंकाचा वास येत होता. तिनं ते ओळखले आणि जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं तिला झालं. हे तिचे होते. म्हणजे हेच नव्हेत, अगदी असेच. सतरा वर्षांची असताना, जुलैतल्या शहराच्या जत्रेत, ती असल्याच बुटांत इतकी नाचली होती, की टाचेवरच्या मखमलीला टक्कल पडलं होतं. त्या वर्षी ते दुकानात नवीन आले होते आणि पपांनी स्वतः गुडघ्यावर बसून तिच्या पायांत चढवले होते. पट्टा लावताना ते नेहमी जीभ किंचित बाहेर काढायचे. मग मान वर करून विचारायचे, बोचतंय कुठं? आणि कधीच कुठं बोचायचं नाही.

"हा पण!" नुराय वरून ओरडली. "तपकिरी, लहान पोरीचे. डावा तीस, उजवा एकतीस. आणि हा बघ, पांढरा. अरे देवा, हा पण! तुमच्या घराण्यात सगळी लग्नं बिघडलेलीच दिसतात. तुझं धरून."

"खाली उतर, मग सांगते तुला."

"मी काय म्हणते, गिऱ्हाईक चुकीचा जोड घेऊन गेलं तर दुसऱ्या दिवशी बोंबलत परत येतं. इतकी माणसं आली नाहीत परत? सगळी काय एका पायाची होती?"

नुराय बारा वर्षं या दुकानात होती आणि पुढच्या आठवड्यापासून दुकान तिचं होणार होतं. गेंट शहरातल्या ब्रुग्से पोर्ट वस्तीच्या त्या रस्त्यावर आता अर्धी दुकानं तिच्या गाववाल्यांची होती, आणि तिथली बोली ती वेर्लेपेक्षाही ठसक्यात बोलायची. कागदपत्रं झाली होती, राहिली होती ती एवढी मोजणी. जेवढे जोड भरतील तेवढे नुरायनं घ्यायचे, असं ठरलं होतं. त्यात भांडायला जागा नव्हती, कारण स्टेयार्टांची मोजणी चुकत नाही हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट यंदा नवीन होती. मागच्या खोलीतली सगळ्यात वरची फळी आजवर ओमेरांशिवाय कुणी मोजलेली नव्हती. ते स्वतः शिडी चढायचे, खोकी उघडल्याचा आवाज कधी यायचा नाही, आणि वरून आकडा सांगायचे. खाली वेर्ले तो लिहायची. शरद ऋतूत त्यांचा खुबा मोडला आणि शिडी सुटली. आता ते दुकानावरच्या मजल्यावर खुर्चीत बसून असायचे. आज सकाळी त्यांनी दोनदा सांगितलं होतं, वरच्या फळीला हात लावू नका, ती माझ्या आकड्यानं धरा. नुराय म्हणाली होती, मेनेर, तुमचा आकडा मला मान्य, पण खोकी मला पुसायला तरी हवीतच ना. त्यावर त्यांनी वाद न घालता टीव्ही लावला होता, आणि हे त्यांच्या स्वभावाला सोडून होतं, असं वेर्लेला आत्ता वाटलं.

सगळी खोकी खाली काढून झाल्यावर नुराय हात झटकत म्हणाली, "मी आईकडे जेवून येते. तुझ्यासाठी ब्यूरेक ठेवलाय, खा, नुसती बघत बसू नकोस. आणि हे बघ, या विजोडांचं काय करायचं ते तू ठरव. जोड म्हणून मी नाही धरणार हं. आपली मैत्री एका बाजूला."

"धरू नकोस," वेर्ले म्हणाली. "मीही धरणार नाही."

दार लागलं. बाहेरून एक ट्राम गेली, मांडणीवरच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या. वेर्लेनं ब्यूरेकचा एक तुकडा तोंडात टाकला, चव लागली नाही. एकेचाळीस खोकी तिच्याभोवती जमिनीवर होती. एकेक उघडत ती त्यांच्यामध्ये खाली बसली, छप्पन वर्षांची बाई, लोकरीच्या स्कर्टमध्ये पाय दुमडून. सगळ्या खोक्यांत तोच प्रकार होता. उजवा नेहमी मोठा, डावा नेहमी लहान. कुठे एका नंबराचा फरक, कुठे दीड, मोठ्या मापांत दोन. आणि एकूण एक बूट तिच्या ओळखीचा. पहिल्या कम्युनियनचे पांढरे, पुढे फुलाच्या आकाराची भोकं पाडलेले. ते घालून ती चर्चच्या थंड फरशीवर उभी राहिली होती आणि तिचं सगळं लक्ष जिभेवरच्या प्रसादाऐवजी त्या भोकांतून दिसणाऱ्या मोज्यांकडे होतं. शाळेचे तपकिरी. पावसाळी निळे. नर्सच्या शिक्षणाचं तिनं एक वर्ष करून सोडलं, त्या वर्षीचे नाडीवाले. लग्नातले, दुधाच्या सायीच्या रंगाचे. आईच्या दफनाचे काळे. आयुष्य असं खोक्यांत भरून ठेवलेलं असतं आणि वर आपण फक्त आकडा लिहीत असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला झोप आल्यासारखं झालं, पण ती झोप नव्हती. मागच्या खोलीतला दिवा जरा जास्तच पिवळा वाटत होता.

तिनं नुसते उजवे बाहेर काढले आणि एकामागून एक जमिनीवर मांडायला घेतले, सगळ्यात लहान मागच्या भिंतीशी, मग त्याहून मोठा, मग त्याहून. ओळ दुकानाच्या दाराकडे निघाली. कुणीतरी भिंतीतून बाहेर पडून एका पायावर मोठं होत होत रस्त्याकडे चाललं होतं. मग हळूहळू, आपण होऊन, हिशेब जुळायला लागला. चाळीस वर्षं तिनं असलेच हिशेब केले होते. खोक्यात छत्तीसचा डावा आणि अडतीसचा उजवा उरलाय, म्हणजे दोन खोकी फुटली होती, एक छत्तीसचं आणि एक अडतीसचं. उरलेलं अर्धं आणि अर्धं कुठेतरी गेलं. अडतीसचा डावा आणि छत्तीसचा उजवा. म्हणजे कुणीतरी आहे, जिचा उजवा पाय लहान आहे. लहान मुलगी होती, मग मोठी झाली, मग बाई झाली. जवळजवळ दर वर्षी एक जोड. आणि दर वर्षी तोच, जो वेर्लेला मिळाला.

पपांची दुसरी मुलगी.

हा विचार तिच्या मनात इतक्या सहज येऊन बसला, की तो आधीपासून तिथंच होता आणि फक्त त्याच्यावरचं झाकण उघडलं, असं तिला वाटलं. दर गुरुवारी पपा इझेखेमला बुटांच्या कारखान्यात जायचे आणि संध्याकाळी उशिरा यायचे. कारखान्यात दिवसभर काय असतं? आई कधी विचारायची नाही. आई सूप पुन्हा गरम करायची. कुठल्यातरी विटांच्या घरात एक बाई आणि एक लंगडी मुलगी पपांची वाट बघत असतील, आणि पपा तिच्यापुढे गुडघ्यावर बसून जीभ बाहेर काढून पट्टा लावत असतील. बोचतंय कुठं? वेर्लेला तिचा चेहरा दिसायला लागला. केस आपल्यासारखेच सरळ, पण सांभाळलेले. आपण नाचत होतो तेव्हा ती कठड्याला टेकून हिरव्या मखमलीच्या बुटांत बघत उभी असेल. गर्दीत आपण एकमेकींना धक्काही मारला असेल. माफ करा हं. काही नाही हो. मत्सर वाटायला हवा होता, आणि वाटलाही, दातात काहीतरी अडकावं तसा, पण त्याच्यामागून एक विचित्र ओढही येत होती. वेर्ले एकुलती एक मुलगी होती, बहीण मागून मागून थकलेली. बहीण होती, आणि पपांनी ती फळीवर ठेवली.

मग राग आला. मोठा, सरळ राग. कारण ओमेर स्टेयार्टांनी तिला धर्म शिकवला नव्हता, मोजणी शिकवली होती. जे आहे ते लिहायचं, जे नाही ते लिहायचं नाही, आणि एक बूट म्हणजे शून्य जोड. देव वर्षभर मोजतो, आपण एक दिवस तरी मोजावं, असं म्हणून ते या एका रविवारी चर्चमधल्या मासला दांडी मारायचे. वेर्लेनं ते इतकं अंगी लावून घेतलं, की घरातले चमचेही ती मोजायची. वाउटरनं, तिच्या नवऱ्यानं, सिगारेट सोडली असं सांगितलं, तेव्हा तिनं त्याच्या कोटातलं पाकीट सकाळी मोजलं आणि संध्याकाळी मोजलं. दोन कमी होत्या. दोन सिगारेटींवरून सुरू झालेलं भांडण सहा महिन्यांनी वकिलाकडे जाऊन संपलं. जाताना तो म्हणाला, तुझ्याशी संसार म्हणजे बाराही महिने मोजणी. पपा तेव्हा काही बोलले नाहीत. त्यांना तोंड तरी कुठलं होतं बोलायला, असं आता तिला वाटलं, आणि तिनं हिरव्या मखमलीचा उजवा बूट उचलला. नंबर अडतीस. तिचाच नंबर. निदान अर्धा तरी घालून बघू, ज्या बहिणीला तो चालला नाही तिच्या नावानं.

पायातला स्वतःचा बूट काढून तिनं त्यात उजवा पाय सरकवला. पाय आत गेला आणि आतच राहिला, टाचेमागे बोटभर जागा सोडून. तिनं पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला, उभी राहिली, पाऊल टाकलं. बूट जमिनीवर राहिला आणि पाय वर आला.

मखमल सैल पडली असेल. इतकी वर्षं झाली. पण मखमल कोरी होती, तळवा एकदाही रस्त्याला लागलेला नव्हता. तिनं डावा उचलला, छत्तीसचा, आणि तो चढणार नाही हे माहीत असूनही घालून पाहिला. तो चढला नाही. ते ठीकच होतं. पण उजवा अडतीसचा, तिच्या नंबरचा, तिला मोठा होत होता. ती उभी राहून आपल्या मोज्यांतल्या पायांकडे बघत राहिली. जगात कुणाचेच पाय सारखे नसतात, हे वाक्य तिनं याच खोलीच्या दारात उभं राहून हजारो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. त्यांना बरं वाटायचं. तिला पपांनी ऐकवलं होतं.

दुकानात पाय मोजायची लाकडी पट्टी होती, सरकत्या पितळी ठोकळ्याची, माणसांच्या टाचांनी गुळगुळीत झालेली. मोजणाऱ्यानं तिच्यावर उभं राहायचं नाही असा पपांचा नियम होता, वजनानं माप ढिलं होतं म्हणे. एवढ्या वर्षांत वेर्ले कधी उभी राहिली नव्हती. नियम मोडावा असं वाटण्याइतकी ती गोष्ट मोठीही नव्हती, आपला नंबर कुणाला माहीत नसतो? आता ती उभी राहिली. डावा पाय. ठोकळा सरकवला. अडतीस. उजवा पाय. ठोकळा सरकत राहिला, जिथं थांबायला हवा होता तिथं थांबला नाही, अजून पुढे आला, आणि अंगठ्याला हलकेच लागला. पितळ थंड होतं. छत्तीस.

तिनं आताच पायातून काढलेले स्वतःचे बूट उलटे केले. तळव्यावर नंबर नव्हता, जिथं असायला हवा तिथं चाकूनं खरवडलेला गुळगुळीत चौकोन होता. घरच्या जोडाला नंबर ठेवायचा नाही, नाहीतर तो स्टॉकमध्ये मिसळतो. हासुद्धा पपांचा नियम, आणि किती शहाणपणाचा वाटायचा. तिनं दोन्ही बूट एकमेकांना तळव्यानं चिकटवून धरले. डाव्याची टाच आणि उजव्याची टाच जुळवली. पुढे डावा बोटभर लांब निघाला.

मग सगळं एकदम आलं, आणि तरीही सावकाश, पाण्याखालून आल्यासारखं. डिसेंबरातली संत निकोलासची रात्र, मुलं चुलीपाशी बूट ठेवतात, त्यात गाजर, संताच्या घोड्यासाठी, आणि सकाळी बुटात बिस्किटं. ती उजवा बूट ठेवायला निघाली, की पपा म्हणायचे, डावा ठेव पोरी, डाव्यात जास्त मावतं. ती हसायची. समुद्रावर, ब्लांकेनबेर्गेच्या ओल्या वाळूत, ती पुढे पळायची आणि पपा तिच्या मागोमाग घडीची खुर्ची ओढत यायचे, नेमकी तिच्या पावलांवरून. आई म्हणायची, उचलून घ्या की हो, कोरडी करायला त्रास होतो. ते उचलायचे नाहीत. वळून पाहिलं, की वाळूत फक्त खुर्चीच्या पायांच्या रेघा. आणि लग्नानंतर वाउटरबरोबर सीमेपलीकडे लीलला गेली तेव्हा तिथल्या झगमगीत दुकानातून घेतलेले लाल बूट. डावा करकचून, उजवा फटफट, दोन तासांत फोड. घरी येऊन दाखवले तेव्हा पपांना काय आनंद झाला होता! बाहेरचा माल, ते म्हणाले, हे फ्रेंच लोक बूट हॅटसारखे शिवतात. त्यानंतर तिनं बाहेरून कधी बूट घेतले नाहीत. सगळ्या जगाला बूट करता येत नाहीत, फक्त आपल्या दुकानात नीट मिळतात, यावर तिचा इतका विश्वास होता, की ती तो विकतही आली.

कुठली बहीण नव्हती. गर्दीत धक्का मारलेली ती आपणच होतो. वेर्लेला रडू आलं ते याचंच आधी, बहीण गेल्याचं.

ती नुसत्या मोज्यांतच वर गेली, हिरव्या मखमलीचं खोकं घेऊन. ओमेर खुर्चीत होते, गुडघ्यांवर चौकडीची शाल, समोर टीव्हीवर चिखलातली सायकल शर्यत, आवाज बंद. रविवार दुपारची ही शर्यत ते मुकीच बघायचे, बोलणाऱ्याला काही कळत नाही म्हणून.

"झाली मोजणी?" त्यांनी न वळता विचारलं.

"खालची झाली."

"वरची माझ्या आकड्यानं धर. एकेचाळीस."

"एकेचाळीस खोकी आहेत, पपा. जोड एकही नाही."

तिनं खोकं त्यांच्या शालीवर ठेवलं आणि झाकण काढलं. त्यांनी खाली पाहिलं. म्हाताऱ्या बोटांनी मखमल एका दिशेनं चोळली, मग उलट्या. टीव्हीवर एकजण सायकल खांद्यावर घेऊन चिखलाचा चढ चढत होता.

"जोड आहेत," ओमेर म्हणाले. "अर्धे तिथं होते. अर्धे तुझ्या पायांत."

"फेकून का नाही दिलेत?"

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत खरंखुरं आश्चर्य होतं. "फेकायचे? म्हणजे दर वर्षी मोजणीत एक जोड कमी आला असता की!"

वेर्लेला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिचा आवाज फुटला. "मी नवऱ्याला दोन सिगारेटींवरून घराबाहेर काढलं, पपा. मोजणी म्हणजे मोजणी, हे तुमचं. आणि तुम्ही एकेचाळीस वेळा शिडीवरून खोटं बोललात. मी खाली उभी राहून लिहीत होते."

"वाउटर तसाही गेलाच असता. सपाट पायांचा माणूस तो, टिकत नाहीत ते."

"थट्टा करू नका."

"नाही करत." त्यांनी झाकण लावलं, पुन्हा काढलं. "तू पाय वाकडा घेऊन आलीस. उजवा. सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतीस, तुझी आई रात्रंदिवस रडायची. काढल्यावर डॉक्टर म्हणाला, सरळ झाला, पण जरा लहान राहील. मी म्हटलं राहू दे लहान, बूट माझ्याकडे आहेत."

"मला सांगायचं होतंत. आज ना उद्या, कधीतरी. मी मोठी झाले होते. मला हक्क होता."

"ओडीलला सांगितलं होतं," ओमेर म्हणाले.

ओडील त्यांची धाकटी बहीण, वेर्लेच्या लहानपणीच वारलेली. वेर्लेला तिची एकच आठवण होती, फरशीवरून येणारा तिचा आवाज, एक जड, एक हलकं, आणि रस्त्यावर तिच्या मागून तशीच चाल करत जाणारी पोरं.

"तिचाही असाच होता. आमच्यात तो आहे, कुणाकुणात उतरतो. अकरा वर्षांची होईपर्यंत आमच्या बरोबरीनं पळायची, मला मागं टाकायची. मग शाळेत एक नर्स आली, सगळ्यांचं वजन-माप घ्यायला. हिला वर्गासमोर उभं केलं, दोन्ही पाय मोजले आणि आकडे मोठ्यानं वाचले. दोन आकडे, पोरी, बाकी काही नाही. त्या दिवशी संध्याकाळी ओडील लंगडत घरी आली. सकाळी नीट गेली होती आणि संध्याकाळी लंगडत आली. मग मरेपर्यंत लंगडली." त्यांनी झाकण पुन्हा लावलं. "तू नाचायचीस. मी मोजणीत एक खोटा आकडा लिहिला, दर वर्षी एक. मला नाही वाटत मी महाग घेतलं."

वेर्लेला पुष्कळ बोलायचं होतं. आपलं आपल्याला न कळता कुणीतरी आपल्या मागून सगळ्या खुणा पुसत आलंय, हे प्रेम आहे हे तिला कळत होतं, आणि त्यानं गुदमरल्यासारखंही होत होतं. ती त्यांच्यावर रागावलेली होती आणि त्यांचा हात धरून बसावं असंही वाटत होतं, आणि यातलं काय आधी करावं ते कळेना, म्हणून तिनं शाल सारखी केली. त्यांचे पाय खाली मऊ सपातांत होते, दोन्ही सारखे. ते तिच्या मोज्यांतल्या पायांकडे बघत होते. कितीतरी वेळ.

"थंडी बाधेल," ते म्हणाले. "काहीतरी घाल पायात."

खाली दार वाजलं. नुराय परत आली होती, छत्री आपटून पाणी झटकत होती, गुणगुणत होती. वेर्ले सावरली. "सूप गरम करते थोड्या वेळानं," ती म्हणाली, आणि जिन्याकडे वळली.

हा लाकडी जिना ती जन्मभर उतरत होती. पहिली पायरी, डावा पाय. दुसरी, उजवा. आवाज आला आणि ती ऐकत राहिली. पुढची. जड. पुढची. हलका. जिन्यानं पूर्वी असा आवाज केला होता का, तिला आठवेना, कारण पूर्वी तिनं तो ऐकलाच नव्हता. तिनं उजवं पाऊल जरा जोरानं टाकून पाहिलं, सारखं यावं म्हणून, आणि त्यानं ते आणखीच बिघडलं. खांदा एका बाजूला कलला. हात आपोआप कठड्यावर गेला. काही दुखत नव्हतं, पाय सकाळचेच होते, जन्मापासूनचेच होते, आणि तरीही ती उतरत होती तशी आजवर कधी उतरली नव्हती. एक जड, एक हलकं. फरशीवरून यायचा तो आवाज.

वर खुर्ची करकरली. ओमेरही ऐकत होते.

"पोरी," त्यांचा आवाज आला, म्हातारा, घाबरलेला. "मोजत उतरू नकोस."

ती मधल्या पायरीवर थांबली. तोंडावर हात दाबून धरला. मागच्या खोलीत नुराय बुटांच्या त्या ओळीपाशी येऊन उभी राहिलेली तिला दिसत होती, हातात यादी, कानामागे पेन. भिंतीपासून दारापर्यंत गेलेले ते एका पायाचे बूट बघून ती आधी हसली होती आणि आता हसत नव्हती.

"वेर्ले? हे काय गं मांडलंयस?" तिनं मान वर केली. "बरं, वरच्या फळीचे किती लिहू?"

"एकही नाही," वेर्ले म्हणाली. तिनं कठडा सोडला आणि पुढची पायरी उतरली. "ते सगळे जोड मी घालून संपवले."